तातेरावांची गिधाडं

तातेराव हिवाळे यांची उभी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. जालना-भोकरदन आणि जालना-घनसावंगी हे त्यांचे दोन रस्ते. दोन्हीकडं कपाशी, तूर, मधेच उसाचा पट्टा आणि कडेकडेनं विजेचे खांब. या खांबांनीच त्यांना नाद लावला. खांबावर, तारेवर, बाभळीच्या शेंड्यावर शिकारी पाखरं बसलेली असायची. सुरुवातीला तातेरावांच्या लेखी त्यातलं मोठं ते घार आणि लहान ते ससाणा. एकदा केबिनमध्ये वनखात्यातला एक माणूस बसला होता. तो सहज बोलून गेला, "ड्रायव्हर, ती घार नाही. घारीच्या शेपटीला मधे खाच असते. हिची शेपटी बघा." एवढंच बोलून तो पुढच्या थांब्याला उतरला. पण तातेरावांना त्या दिवसापासून चैन पडेना.

मग ते बघत गेले. हवेत एका जागी थरथरत उभी राहते, पांढरी, लाल डोळ्यांची, ती कापशी. तीन-चार फडफडी मारून तरंगत जातो तो शिक्रा. घुबडासारखं मोठं डोकं, पोट पांढुरकं आणि चोचीतून सापाची शेपटी लोंबतेय, तो सापमार गरुड. आणि हिवाळ्यात परमुलखातून येणारा भोवत्या, पिकावरून इतक्या खालून जाणारा की काही हरवलंय आणि ते शोधतोय असं वाटावं. लेक ज्योत्स्ना शिक्षिका झाली तेव्हा तिनं बापाला दुर्बीण आणून दिली. पण तातेरावांना दुर्बिणीची फारशी गरज लागली नाही. त्यांचा कंडक्टर सर्जेराव म्हणायचा, "आमच्या डायव्हरला पुढच्या ष्टॉपवरची माणसं दिसायच्या आधी तिथलं पाखरू दिसतं."

एकच जात त्यांच्या डोळ्यांदेखत संपली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत रस्त्याकडेच्या मेल्या जनावरावर गिधाडांचा गराडा पडलेला असायचा, हॉर्न वाजवून गाडी काढावी लागायची. पुढं गराडा विरळ झाला. मग एखादं-दुसरं उरलं. मग काहीच नाही. ढोरांना दुखण्यावर द्यायच्या औषधानं ती मेली, असं नंतर पेपरात आलं. तातेरावांनी शेवटचं गिधाड पाहिलं त्याला पाव शतक उलटून गेलं होतं.

निवृत्तीनंतर ते केदारखेड्याला आपल्या दोन खोल्यांच्या घरात राहायला आले. सोबत बायको मालनबाई. घराच्या ओट्यावरून, मधला रस्ता आणि दोन लिंब ओलांडून, काकासाहेबांचं स्लॅबचं घर दिसायचं. काकासाहेब गावातले जुने जमीनवाले, तातेरावांच्याच वयाचे. आयुष्यभर त्यांच्याच गाडीनं जालन्याच्या मोंढ्याला माल विकायला गेलेले. दोघांची बोलचाल बरी होती.

दहा-बारा वर्षांनी, डिसेंबरातल्या एका सकाळी तातेराव चहाचा कप घेऊन ओट्यावर आले आणि थबकले. काकासाहेबांच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीवर गिधाड बसलं होतं.

मान आखडून खांद्यात घेतलेली. मानेला पीस नाही, खाली मळक्या पांढऱ्या पिसांचा गळपट्टा. चोचीचं टोक वाकडं, त्यावर उन्हाची बारीक चकाकी. इतकं स्वच्छ की पिसांचे काठ मोजून घ्यावेत. परत आली! एवढ्या वर्षांनी परत आली!

"मालन! अगं मालन, जल्दी बाहेर ये!"

मालनबाई पिठाच्या हातानंच बाहेर आल्या. "काय झालं?"

"काकासाहेबांच्या टाकीवर बघ. गिधाड हाय."

मालनबाईंनी डोळे बारीक केले. "कुठं? टाकी हाय नुस्ती."

"अगं टाकीवर! बसलंय की समोर!"

"अवं, काही बी न्हाई तिथं."

तातेराव वैतागले. कप खाली ठेवून तसेच रस्ता ओलांडून गेले. काकासाहेब अंगणात दात घासत होते आणि त्यांची बायको सोनूबाई तुळशीला पाणी घालत होती. "काकासाहेब, तुमच्या टाकीवर गिधाड बसलंय," तातेराव आनंदानं म्हणाले.

काकासाहेब हसले, पण जिना चढून वर गेले. थोड्या वेळानं वरून आवाज आला, "काय डायव्हर, सकाळी सकाळी मस्करी करून राह्यले का? कबूतर बी न्हाई इथं."

तातेरावांनी वर पाहिलं. काकासाहेब टाकीला हात टेकून उभे होते. आणि त्यांच्या डोक्याच्या अगदी वर, तसंच मान आखडून, ते बसलेलं होतं.

सोनूबाईंच्या हातातला तांब्या तिरका झाला आणि पाणी पायावर सांडत राहिलं. घरावर गिधाड बसणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

आठवडा उलटला नाही तोच काकासाहेब न्हाणीत पडले. जालन्याला नेईपर्यंत जीव गेला होता.

अंत्यविधीला तातेराव गेले, मागं उभे राहिले. त्यांच्याकडं पाहून दोन माणसं बाजूला सरकली. काही दिवसांनी मालनबाई गिरणीवरून दळण घेऊन आल्या. रात्रीच्या भाकरी थापताना म्हणाल्या, "सोनूबाई म्हणत होत्या म्हणं. हिवाळ्यांनी आमच्या घरावर गिधाड बसवलं."



त्यानंतर ती वाढत गेली. आधी टाकीवर एक होतं. मग गच्चीच्या कठड्यावर रांग दिसू लागली. मग शाळेच्या पत्र्यावर, ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांवर. उडताना ती कधी दिसायची नाहीत. आवाज नाही, भांडण नाही. खरी गिधाडं जनावरावर केवढी कलागत करतात, ते तातेरावांनी पाहिलं होतं. ही नुसती बसायची. आणि सगळ्यांची तोंडं तातेरावांकडं असायची.

हेच त्यांना सोसवेना. कारण असं बसून बघणाऱ्या गिधाडांची गोष्ट त्यांनी ऐकली होती, आणि ती गोष्ट याच गावची होती.

त्यांच्या बापानं ती एकदाच सांगितली होती. धम्म घेतला त्या वर्षी गावातल्या त्यांच्या लोकांनी ठरवलं, मेलेलं ढोर ओढायचं नाही. पुढं थोड्याच दिवसांत काकासाहेबांच्या आज्याचा बैल दारात मेला. निरोप आला, कोणी उठलं नाही. मग शिव्या आल्या, धमक्या आल्या. तरी कोणी उठलं नाही. बैल फुगला. आणि मग एरवी शिवेबाहेर असणारी गिधाडं गावात उतरली. माळवदांवर रांगा लावून बसली.

"आन ती बैलाकडं बघत नव्हती," बाप म्हणाला होता. "दारात माणसं होती ना, खाली यायची त्यांची हिंमत नव्हती. ती आमच्याकडं बघत होती. हे लोक कवा उठतात, ढोर कवा बाहेर नेतात, वाट बघत होती. पिढ्या न् पिढ्या त्यांनी तेच पाह्यलं होतं. तू माझ्या मांडीवर होता. मी हाललो न्हाई." शेवटी मालकानं आणि त्याच्या पोरांनी स्वतःच बैलाला दावं बांधलं आणि ओढत नेला. बाप हे सांगताना हसला नव्हता, फुशारला नव्हता. नुसता घामाघूम झाला होता.

तातेरावांनी सगळी नोकरी खाकी गणवेशात केली. पोरगी शिकवली. त्या कामाचा वास त्यांच्या घराला लागलेला नव्हता. आणि आता म्हातारपणी ही सगळी रांग त्यांच्याकडं बघत बसली होती, जणू काही सत्तर वर्षांपूर्वीचं काम अजून शिल्लक आहे, आणि आता तातेरावांची पाळी आहे. ते कोणाला बोलले नाहीत. ओट्यावर बसणं बंद केलं. दुर्बीण पेटीत ठेवली. दारं-खिडक्या लावून घरात बसू लागले. एका दुपारी एक गिधाड खोलीतल्या खुर्चीवर दिसलं. तातेराव भिंतीकडं तोंड करून निजून राहिले, मालनबाई चार वेळा जेवायला हाका मारून गेल्या तरी उठले नाहीत.

या सगळ्यात एक गोष्ट त्यांनी स्वतःपासूनही लपवली होती. खांब वाकडे दिसू लागले होते. मालनबाईंच्या चेहऱ्याच्या जागी मधोमध धुरकट डाग यायचा, कडेचे कान आणि पदर तेवढा दिसायचा. उन्हामुळं असेल, मोतीबिंदू असेल, असं ते म्हणत राहिले. मग एक दिवस मोटारसायकलवर भोकरदनच्या रस्त्याला समोरची उसाची ट्रॉली त्यांना दिसलीच नाही. ट्रॉलीवाल्यानंच गाडी रस्त्याच्या खाली घातली म्हणून वाचले. ट्रॉलीवाला शिव्या देत होता आणि तातेराव रस्त्यातच उभे होते. नोकरीच्या तीस वर्षांत त्यांच्या हातून कोंबडी मेली नव्हती.

ज्योत्स्ना त्याच आठवड्यात आली आणि बापाला जालन्याच्या डोळ्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाई न करणाऱ्या. बऱ्याच तपासण्या झाल्या. मग त्या म्हणाल्या, "काका, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. दोन्हीकडचा. गेलेलं परत येणार नाही, पण इंजेक्शननं पुढचं काही दिवस थांबवता येईल." आणि त्यांनी विचारलं, "तुम्हाला नसलेल्या गोष्टी दिसतात का? माणसं, जनावरं, काहीही?"

तातेरावांनी मान खाली घातली. ज्योत्स्ना बापाकडं बघत राहिली.

"हे वेड नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुष्कळांना होतं, लोक लाजून सांगत नाहीत. डोळ्याकडून चित्र यायचं बंद झालं की मेंदू रिकाम्या जागी आपल्याकडची चित्रं लावतो."

"बाई, पण ती लई साफ दिसतात," तातेराव म्हणाले. "तुम्ही दिसत न्हाईत तेवढी साफ."

"तीच खूण आहे. त्यांना तुमच्या डोळ्यांतून यावं लागत नाही."

"जातात का मंग ती?"

"कधी जातात. कधी राहतात."

परतीच्या गाडीत ज्योत्स्नानं बापाचा हात धरला होता. तिनं विचारलं, "पप्पा, काय दिसतं तुम्हाला?" आणि तातेरावांनी तिला सगळं सांगितलं. बापानं सांगितलेली बैलाची गोष्टसुद्धा. ती गोष्ट तिनं कधी ऐकली नव्हती. ती खिडकीकडं तोंड करून ऐकत राहिली.

घरी मालनबाईंनीही ऐकलं. त्या कापसाच्या वाती वळत बसल्या होत्या. "मामंजींनी न्हाई म्हणलं होतं ना त्याह्यला?" त्या म्हणाल्या. "मंग झालं की. बसून बसून पाय दुखतील त्यांचेच."

तातेरावांना कित्येक दिवसांनी हसू आलं.

पण एक काम राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत रस्ता ओलांडून गेले. सोनूबाई ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. निदान सुपाचा आवाज तरी येत होता. "वहिनी, मी तातेराव."

सुपाचा आवाज थांबला. "दिसलं मला," त्या म्हणाल्या.

तातेरावांनी उभ्यानंच सांगितलं. डोळे गेले, डॉक्टर काय म्हणाले, टाकीवर त्या दिवशी काही नव्हतं. "माझ्या डोळ्यात होतं ते. तुमच्या घरावर न्हाई. तुमच्या मनाला लागलं म्हणून सांगायला आलो."



"म्हंजे नव्हतंच?" सोनूबाई म्हणाल्या.

"नव्हतं."

"मंग ते कशानं गेले, भाऊ?"

तातेरावांनी नुसती मान हलवली.

"मला तुमचा लई राग आल्ता," सोनूबाई म्हणाल्या. "राग होता तवा एक बरं होतं. वाटायचं, कशानं तरी गेले. आता तुम्ही ते बी घेऊन चालले." त्यांचा आवाज रडका नव्हता, थकलेला होता. "बसा. उभे काहून हाय?"

ते पायरीवर बसले. सोनूबाईंनी आत हाक मारून चहा सांगितला. मग हळूच विचारलं, "आत्ता बी हायेत का?"

तातेरावांनी मान वर केली. टाकीवर, कठड्यावर, जिन्याच्या भिंतीवर. "हायेत," ते म्हणाले.

"मी कधी जवळून पाह्यलं न्हाई. कसं असतं?"

मग तातेरावांनी समोर बघत त्यांना गिधाड सांगितलं. मान कशी उघडी, गळपट्टा कसा, पाठीचा पांढरा भाग पंख मिटल्यावर कसा लपतो, पाय कसे घाणेरडे पांढरे होतात. सोनूबाई रिकाम्या टाकीकडं बघत ऐकत होत्या. "एवढं काही वंगाळ न्हाई मंग," शेवटी त्या म्हणाल्या. चहा आला तो दोघांनी प्यायला. त्या दिवसानंतर गिरणीवरचं बोलणं थांबलं. थांबवलं कोणी, ते मालनबाईंनी विचारलं नाही.

गिधाडं मात्र गेली नाहीत. कमी झाली. अधूनमधून दुसरंच काही दिसू लागलं, विटांची भिंत, उंच टोप्या घातलेली अनोळखी माणसं. त्यांची तोंडं तातेरावांकडं नसायची, म्हणून ती चालून जायची.

फेब्रुवारीत ज्योत्स्नानं फोनवर आईला सांगितलं, पप्पांना माळावर ने. गावाच्या वरच्या अंगाला गायरान होतं, गवत गुडघ्याएवढं, पिवळं पडलेलं. दिवस मावळायला भोवत्या पाखरं तिथं गोळा होऊन गवतात जमिनीवर बसायची. तातेराव दरवर्षी एकटेच जायचे. मालनबाई त्यांच्यासोबत कधीच गेल्या नव्हत्या. पाखरं बघायला माणूस चपला झिजवतो, हे त्यांना पटत नसे.

"मला काय कळतंय त्यातलं?" त्या बांधावर बसता बसता म्हणाल्या.

"कळू नको दे. दिसतंय ते बोल फक्त."

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आलं एक. खालून येऊन राह्यलंय, गवताला पोट घासंल एवढं."

"पंख कसे धरलेत? सपाट का वर?"

"वर. सूप उचलल्यावाणी. आन डुलतंय, पेलेला माणूस चालतो तसं."

"भोवत्या हाय. रंग?"

"राखाडी. चुलीतल्या राखेचा. पंखाच्या टोकाला काजळ लावलंय."

"काजळ टोकालाच हाय का पंखावर मधे बी काळी पट्टी हाय? बराबर बघ."

मालनबाई उठून उभ्या राहिल्या. कपाळावर हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्या एखाद्या पाखराकडं एवढं रोखून बघत होत्या. "वळलं की सांगते. थांबा. हां, पट्टी न्हाई. पट्टी बिलकुल न्हाई. टोकालाच हाय, बारीक, पाचरीसारखं."

"मंग पांढुरका भोवत्या तो," तातेराव म्हणाले. त्यांनी मान तिरपी करून डोळ्याच्या कडेनं पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी असं बघायला शिकवलं होतं. पिवळ्या गवतावरून काहीतरी फिकट सरकलं, आणि बुडालं. तेवढंच. पण ते आलं होतं, हे नक्की.

अजून आली. तपकिरी माद्या आल्या, कमरेवर पांढरा डाग. त्या कोणत्या जातीच्या, हे मालनबाईंच्या बोलण्यावरून काही ठरेना. दोघांचा त्यावर थोडा वादही झाला. "मानेला पांढरी कड होती," त्या म्हणायच्या, आणि पुढच्या क्षणी, "न्हाई, नव्हती बहुतेक." तातेराव म्हणाले, "डोळे चांगले होते तवा मला बी कळायच्या न्हाईत त्या." हे खरं होतं. ऊन उतरलं, वारा गार झाला, एकेक करून सगळी गवतात दिसेनाशी झाली. एवढी पाखरं त्या माळावर बसलेली, आणि माळ रिकामा.

"चला, भाकरी टाकायच्यात," मालनबाई म्हणाल्या.

पायवाटेनं दोघं निघाले. पुढं मालनबाई, मागं काठी टेकत तातेराव. उतारावर त्यांना समोरून एक माणूस येताना दिसला. डोक्याला पांढरं मुंडासं, अंगात बंडी, खांद्यावर ढोर ओढतात तसल्या दोरखंडाचं वेटोळं. त्याच्या बंडीच्या शिवणीचा दोरा न् दोरा दिसत होता. मुंडाशाखाली चेहरा ओळखीचा वाटला नाही. तो मालनबाईंच्या पुढ्यात आला तरी त्या बोलत होत्या तशाच बोलत राहिल्या, आज वांगी आहेत, ज्योत्स्नाला उद्या फोन करायचा आहे.

वाट अरुंद होती. तातेराव थांबले, काठी दुसऱ्या हातात घेतली आणि डाव्या अंगाला गवतात सरकून त्याला साईड दिली.

"काहून थांबले?" मालनबाई मागं वळल्या.

तो माळाच्या दिशेनं चढत गेला होता. त्याच्या पायाखालचं गवत हलत नव्हतं.

"काही न्हाई," तातेराव म्हणाले. "चाल तू."